फऱ्याचं हाड

दुकानातला पोरगा म्हणाला होता, हलका बाण घ्या,
सपाट जातो, अंतर चुकलं तरी माफ.
माफ कोणाला, हे मी विचारलं नाही.
चारशे ग्रेनचा बाण, लागताच पंखासारखं उघडणारं पातं.
माझं धनुष्य पन्नास पाउंडांचं
आणि मी शाळेच्या बसची इंजिनं खोलणारी बाई;
इंजिनाचं असतं तर हे गणित आधी मांडलं असतं.

माझी हद्द पस्तीस यार्ड.
धनुष्याच्या मुठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेली.
मूठ धरली की आकडा बोटांखाली जातो.

गेल्या सप्टेंबरच्या सतरा तारखेला
ओढ्यापलीकडून एल्क ओरडला,
आधी गंजलेलं फाटक, मग लांब शीळ,
मग पोटातून तीन हुंकार.
पंचावन्न यार्डांवर आडवा उभा राहिला,
शिंगांत उपटलेलं गवत.

फुप्फुसात शिरलेला बाण ओल्या पोत्यावर पडल्यासारखा वाजतो.
हा दारावर टकटक केल्यासारखा वाजला.

दोन दिवस शोधला. थेंबाथेंबाला कागदाची पट्टी बांधत गेलो,
एकोणिसाव्या पट्टीनंतर नुसत्या सूचिपर्णाच्या काड्या.
कावळेसुद्धा जमले नाहीत.
ओरिन म्हणाला, कायदा सांगतो, जनावर हाती आलं तरच परवाना संपतो.
अजून नऊ दिवस आहेत.
मी चाकूने परवान्याला खाच पाडली.
परतीच्या वाटेवर तो बोलला नाही.
हिवाळाभर आम्ही टर्कीचा खिमा खाल्ला.

यंदा बाण साडेसहाशे ग्रेनचा,
अखंड पोलादी पातं, हातावरची लव उतरेपर्यंत दगडावर घासलेलं.
पंचवीसच्या पुढे तो धोंड्यासारखा खाली येतो.
मला तेच हवं होतं.

पायवाटेच्या तोंडाशी अकरा गाड्या, चार राज्यांच्या पाट्या.
रागवायचं कोणावर?
या रानाचा सातबारा काढला
तर तेहतीस कोटी नावं निघतील.
तरी रागावलेच.
तीनला उठून ज्या खोगिरासारख्या खिंडीत पोचले
तिथे आधीच एक म्हातारा, गुडघ्यांवर,
बाह्या कोपरापर्यंत लाल.
वेन्डेल स्ट्रूप, ओहायोचा, निवृत्त टपालवाला, एकटा.
ऊन चढत होतं. एवढं मांस एकट्याने खाली न्यायचं
तर अर्धं नासलं असतं.
मी धनुष्य फांदीला टांगलं.

डावा फरा सोडवताना त्याचा चाकू अडला.
हाडात अक्रोडाएवढी गाठ. त्याने ती चिरली.
आत पातं, पंख अर्धेच उघडलेले,
मागे बोटभर दांडा,
त्यावर नेलपॉलिशचा हिरवा पट्टा.

"कोण गाढव," तो म्हणाला.

मी तंगडी धरून होते, सोडता येत नव्हती.
म्हटलं, "सतरा सप्टेंबर. पंचावन्न यार्ड."

तो बराच वेळ चाकू पुसत राहिला,
स्वच्छ झाल्यावरही.
मग पाठीची चरबी बोटांनी मोजून दाखवली.
"तीन बोटं. वर्ष उपाशी काढलेलं नाही त्याने."
एवढंच. बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरं म्हणून, कळलं नाही.

चार खेपा झाल्या. तो फरा मी वाहिला.
पट्टा खांद्यात रुतत होता, डाव्याच;
मी बाजू बदलली नाही,
आणि त्याने काही फिटतं असंही नाही.

पातं गॅरेजच्या खणात आहे, दहा नंबरच्या नटांबरोबर.
वेन्डेलने पाठीचा मऊ तुकडा पावाच्या पिशवीत घालून,
कायद्याप्रमाणे सहीची चिठ्ठी जोडून,
मी नको म्हटल्यावर गाडीच्या बॉनेटवर ठेवला नि निघून गेला.

रात्री ओरिनने तो लोण्यात परतला.
मीठ पुढे सरकवत विचारलं,
कोणाचा?

अजून सांगितलेलं नाही.